खुनाचा पिक्चर

पुढं जे सांगणार आहे त्यातलं कोणतं वाक्य कोण म्हणालं, याची खात्री माझ्याकडं मागू नये. माझी स्मरणशक्ती एकेकाळी चांगली होती असं लोक म्हणतात. मला ते आठवत नाही. काही किस्से माझ्यासमोर घडले की मला कुणी सांगितले, हेही आता ठरवता येत नाही. एकानं चारचौघांत काही सांगितलं की पुढच्या वेळी दुसरा तेच आपल्या पद्धतीनं सांगतो, तिसरा त्यात एक वाक्य घालतो, आणि नेमकं तेच वाक्य सगळ्यांना आवडतं! अशी ती भर पडत जाते. जुन्या पोथ्यांतले पाठभेद तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. मित्रांचे पाठभेद तपासायचे राहून गेले.

आमचं मंडळ छोटं. रविवारी दुपारी सिडकोत गायकवाडांच्या घरी जमायचो आणि पिक्चर बघायचो. प्रभाकर गायकवाड पाणीपुरवठ्यातले इंजिनियर, निवृत्त. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. म्हणजे हातातून रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून साफ करायचं आणि परत आत सोडायचं. रविवारी त्यांना सुट्टी. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. डॉक्टर शैलाताई, दातांच्या. खालिदभाई, एका जुन्या थिएटरचे मॅनेजर. ते थिएटर पाडून तिथं दुकानांची इमारत उभी राहिली होती. आणि मी, संस्कृतचा प्राध्यापक. माझा प्रबंध बीभत्स रसावर. प्रत्यक्षात कुणाचं बोट कापलं तरी मला खाली बसावं लागतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. जायकवाडी धरण मृतसाठ्यावर गेलं होतं, आणि शहर मात्र बायपास ओलांडून पलीकडं वाढतच होतं. मीही पलीकडच्या एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. नळ होते, आणि चकचकीत होते!

*

सुमनवहिनींना रहस्यकथा आवडायच्या. एकदा त्या खालिदभाईंना म्हणाल्या, "भाई, दर वेळी ते रडके पिक्चर नका आणू. एखादा चांगला खुनाचा आणा."

खालिदभाई गुलमंडीच्या मागच्या गल्लीतून एक सीडी घेऊन आले. कव्हर कुठल्यातरी कौटुंबिक चित्रपटाचं, आत भलताच. हिंदीत डब केलेला परदेशी पिक्चर. नाव आलंच नाही; सुरुवातीलाच एका माणसानं दुसऱ्याच्या नरड्याला दात लावले आणि पडदाभर लाल झालं. मी खाली बघायला लागलो.

"अहो भाई, हे काय आणलंत?" वहिनी ओरडल्या. "मी खुनाचा म्हणाले होते!"

खालिदभाई गोंधळले. "भाभी, खूनच तो है! देखो ना, इत्ता खून है!"

मराठीत खून म्हणजे जीव घेणं, आणि भाईंच्या भाषेत खून म्हणजे रक्त. एकाच शहरात तीस-पस्तीस वर्षं शेजारी राहून हा फरक आमच्या लक्षात आला नव्हता. मी त्यावर छोटं विवेचन सुरू केलं, पण तेवढ्यात पडद्यावरचा खलनायक एका पोराची कॉलर धरून गरजला, "मुझे तेरा खून चाहिए!"

वहिनी म्हणाल्या, "करायचाय तर कर ना मग. मागतोस कशाला?"

*

त्या पिक्चरमध्ये दोष पुष्कळ होते. माणसं का भांडतायत ते कळायचं नाही. भांडण सुरू झालं की कोण कुठं उभं आहे तेही कळायचं नाही. नायक काळा लांब कोट घालून फिरायचा आणि त्या कोटाची बटणं लावण्यापलीकडं त्याला अभिनय नव्हता. रक्तपिपासूंना वहिनी 'पिणारे' म्हणायच्या. पिणाऱ्यांचं जमिनीखाली एक मोठं शहर होतं, आणि त्या शहरात कुणाला काही काम नव्हतं.

वहिनींची मुख्य तक्रार वेगळीच होती. "खुनी कोण ते पहिल्या मिनिटाला कळलं. आता दोन तास बघायचं काय?"

तरी पुढच्या रविवारी पुन्हा तोच लावला. त्याच्या पुढच्याही. वहिनीच म्हणाल्या, "लावा हो, तो पिणाऱ्यांचा. बघू आज तरी सुधारतात का."

*

गायकवाडांना रक्ताचं काही वाटायचं नाही. त्यांची नजर इंजिनियरची. नायकानं तलवार फिरवली आणि एका पिणाऱ्याच्या मानेतून कारंजं उडालं, थेट छताला लागलं. गायकवाडांनी रिमोटनं चित्र थांबवलं.

"सर, जरा बघा. छत किती उंच असंल?"

मी बघितलं नाही. बघितलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"बारीक पाइप, वर चढाव, आन् धार छतापर्यंत! अन् मागं पंप किती, तर मुठीएवढा!" ते मान हलवत म्हणाले. "लई झालं. उभ्या नोकरीत मला एवढं प्रेशर एका लाइनला नाय मिळालं."

*

शैलाताई तशा कमी बोलणाऱ्या. पण एका प्रसंगात खलनायकानं जबडा उघडला आणि त्या उठून टीव्हीजवळ गेल्या.

"एवढे सुळे असतील तर खालचे दात बसणार कुठं? याचं तोंडच मिटणार नाही. आणि यातून रक्त ओढता कसं येईल? दातांना भोकं नाहीत. सगळं याच्या शर्टावर सांडेल. आणि दोनच दात का? एक पुरला नसता?"

गायकवाडांनी डावी बाही वर केली. कोपराच्या आत सुयांच्या जागा होत्या, जाड, गाठी आल्यासारख्या.

"दोन लागतात, ताई. एक रक्त न्यायला, एक परत द्यायला. पिक्चर काढणाऱ्यानं अभ्यास केलाय." मग बाही खाली करत म्हणाले, "फरक एवढाच, ह्यांच्याकडं परत द्यायची पद्धत नाय."

*

आता माझा किस्सा. तो मी सांगू नये असं मला वाटतं, पण नाही सांगितला तर शैलाताई सांगतील.

एका रविवारी मी ठरवून गेलो. आज हा चित्रपट का फसला ते नीट सांगायचं. मी म्हणालो, बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. पण नुसती किळस दाखवली म्हणजे रस तयार होत नाही. प्रेक्षकाला त्या देहाविषयी आधी काही वाटायला हवं. ज्याच्याशी ओळखच नाही त्याचं रक्त नुसतं रंग असतं. म्हणून ह्या चित्रपटात रक्त भरपूर असलं तरी रस नाही. मी चांगलं बोलत होतो. निदान मला तसं वाटत होतं. कूलर बंद होता, कारण त्यात घालायला पाणी नव्हतं, आणि सगळे वर्तमानपत्रानं वारा घेत ऐकत होते.

खालिदभाई म्हणाले, "प्रोफेसर साब, बुरा नक्को मानो. मैं इत्ते साल थेटर चलाया. पब्लिक रस पीने कू नहीं आती. एसी में बैठने कू आती."

सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

मग ते पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "और ये पिक्चर कायकू अच्छी लगती मालूम? ये लोगां दिन में बाहर नहीं निकल सकते. धूप लगी तो जल जाते. साब, मई के महीने में इधर कौन निकलता? ये तो हमारीच कहानी है!"

छत्तीस वर्षं शिकवलं मी. एवढं साधं कारण मला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल आणि ते फार साधं म्हणून मी सोडून दिलं असेल.

*

पिणाऱ्यांचे नियम असायचे. त्यातला एक असा की बोलावल्याशिवाय त्यांना कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "मग आपल्याकडं काही खरं नाही. आपण रस्त्यावरनं जाणाऱ्यालाही 'या, चहा घेऊन जा' म्हणतो."

दुसरा नियम, वाहतं पाणी ओलांडता येत नाही. पिक्चरमध्ये नायक एक ओढा पार करतो आणि पिणाऱ्यांची अख्खी टोळी अलीकडच्या काठावर हात चोळत उभी राहते. आम्हाला तो प्रसंग फार आवडायचा. पिणाऱ्यांसाठी नव्हे, ओढ्यासाठी. पाणी दगडांवरून खळाळत जायचं, आणि वारा घ्यायची वर्तमानपत्रं थांबायची.

एका रविवारी गायकवाडांनी चित्र तिथंच थांबवलं. त्यांना स्वतःला दिवसाला ठरावीकच पाणी प्यायची परवानगी होती. तहान लागली की वहिनी बर्फाचा एक खडा द्यायच्या. तो गालात ठेवून ते म्हणाले, "हे लोक इकडं आले तर त्यांना अडवायचं कुठं? नदी-नाले कोरडे. पार पैठणपर्यंत चालत जातील की."

*

हा किस्सा वहिनींनी सांगितलेला.

डायलिसिसला पाणी फार लागतं. मशीनला लागतं, आणि तेही शुद्ध केलेलं. त्या उन्हाळ्यात सेंटरचं बोअर आटलं आणि सगळं टँकरवर आलं. एका दिवशी टँकर आलाच नाही. पेशंट व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. आतली नर्स दर थोड्या वेळानं येऊन "आता येईल, काका" म्हणायची. गायकवाडांचे पाय सुजले होते, धाप लागत होती.

शेजारी सिल्लोडकडचा एक माणूस होता, तोही पेशंट. तो सगळ्यांवर चिडला होता. "एवढं मोठं शहर झालं, इमारतीवर इमारती चढवल्या, आन् पाण्याचा पत्ता नाय! ज्यांच्याकडं हे काम व्हतं ते काय झोपले व्हते का?"

मग त्यानं गायकवाडांना विचारलं, "काका, तुम्ही काय करत व्हता?"

गायकवाड म्हणाले, "शिक्षक होतो."

"कशाचे?"

"इतिहासाचे."

*

गायकवाडांची एकच मुलगी, वैशाली. पुण्यात नोकरी करायची. एका रविवारी ती आली ती हातात रिपोर्ट घेऊनच. आम्हाला काही माहीत नव्हतं. नेहमीसारखा पिक्चर चालू होता. तिनं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"बाबा, मॅच झाली. माझी किडनी तुम्हाला चालते. डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात करून टाकू."

"नाय."

"का नाही?"

"तुझ्याकडं मग एकच राहील." गायकवाड तिच्याकडं न बघता बोलत होते. "स्टँडबाय पंप नसंल तर मी आयुष्यात एक पंपहाऊस पास केलं नाय. एक चालू, एक राखीव. पोरीच्या बाबतीत नियम मोडू?"

"तुमचे दोन्ही पंप बंद आहेत, बाबा!"

"म्हणूनच सांगतोय. बंद पडतात ते."

वहिनी आत निघून गेल्या. आम्ही उठावं की बसावं, हे मला कळेना. शैलाताईंनी तेवढं सांगितलं की एका किडनीवर बहुतेक माणसं पूर्ण आयुष्य काढतात, धडधाकट. गायकवाड म्हणाले, "ताई, डिझाइनमध्ये 'बहुतेक' हा शब्द चालत नाय."

तोपर्यंत पिक्चर शेवटाकडं आला होता. नायकाला पिणाऱ्यांनी चावलंय आणि तो एका उंच गच्चीवर पडलाय. पूर्वेला उजाडायला लागलंय. उजेड अंगावर आला की तो जळून जाणार. वाचायचा एकच मार्ग: चोरलेलं रक्त प्यायला तर तो कायमचा राक्षस होईल, पण कुणी आपखुशीनं दिलेलं रक्त घेतलं तर पुन्हा माणूस होईल. हा नियम तोपर्यंत कुणी सांगितलाच नव्हता. शेवटच्या वीस मिनिटांत एक म्हातारा येतो आणि सांगून मरतो. पटकथेतला सर्वांत मोठा दोष, असं मी मागंच म्हणालो होतो. त्यावर गायकवाड म्हणाले होते, "दवाखान्यातबी असंच असतं, सर. नियम शेवटीच कळतात."

नायकानं लहानपणापासून सांभाळलेली एक पोरकी मुलगी असते. ती त्याच्याजवळ बसते, बाही वर सारते आणि मनगट पुढं करते.

इथं सीडी अडकायची. दर रविवारी, इथंच. पडद्यावर चौकोन चौकोन व्हायचे, मुलीचा हात पुढं आणि नायकाचं तोंड अर्धवट उघडं. खालिदभाईंनी ती शर्टाला पुसली होती. शैलाताईंनी टूथपेस्ट लावून घासली होती. त्यानं ओरखडे जातात म्हणे. काहीही उपयोग झाला नव्हता. पुढचा शेवट आम्ही कधीच बघितला नव्हता.

वैशाली त्या अडकलेल्या चित्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, सीडी अडकलीय की तुम्ही?"

गायकवाड हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, कारण वहिनी आतून बघायला आल्या. ते म्हणाले, "बरं. हा काय करतो ते बघू. ह्यानं घेतलं तर मीबी घेतो."

हे ते थट्टेनं म्हणाले की खरोखर, ते मला तेव्हाही कळलं नाही. खालिदभाईंनी मात्र ते खरं धरलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि भर उन्हात बाहेर पडले.

*

खालिदभाई त्या पिक्चरची दुसरी सीडी शोधत फिरले. गुलमंडीतल्या त्या गल्लीतला सीडीवाला मोबाइलची कव्हरं विकायला लागला होता. रोशन गेटकडच्या दुकानाच्या जागी पाण्याच्या जारचं दुकान निघालं होतं. पिक्चरचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून भाई प्रत्येकाला गोष्ट सांगायचे, "लंबा काला कोट, आखिर में छत, लड़की हाथ आगे करती..." लोक हसायचे. शेवटी जालन्याला त्यांच्या थिएटरातला जुना ऑपरेटर भेटला. त्याच्याकडं तो पिक्चर होता. भाईंनी तिथं बसून शेवट बघितला आणि एसटीनं परत आले. तो दिवस रविवार नव्हता, तरी आम्हा सगळ्यांना फोन गेले.

"लाए का?" गायकवाडांनी विचारलं. ते पलंगावर उशीला टेकून होते. वैशाली रजा वाढवून पायाशी बसली होती.

"कैसा लाता? पिक्चर उसके कंप्यूटर में थी. कंप्यूटर उठाके लाऊं क्या?"

खोलीत एक पीएचडी, एक इंजिनियर, एक डॉक्टर. एकालाही सुचलं नाही की अशी गोष्ट दुसऱ्या कशात भरून आणता येते. वैशालीला सुचलं असणार, पण ती वडिलांकडं बघत होती.

"मग काय होतं शेवटी?"

"ले लेता, साब," खालिदभाई म्हणाले. "लड़की बोलती, लेव. वो ले लेता. धूप आती, कुछ नहीं होता उसकू."

गायकवाड त्यांच्याकडं टक लावून बघत होते. "आन् पोरगी? पोरीचं काय होतं?"

"अच्छी रहती. हंसती, साब. आखिरी सीन में हंसती वो."

गायकवाडांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि मला वाटलं, झालं, जमलं. मग ते हळूच म्हणाले, "भाई, तुम्ही थेटरवाले. रडणाऱ्या पब्लिकला कसं घरी पाठवायचं ते तुम्हाला ठाऊक. पण असल्या पिक्चरमधी कुणी हसत नसतं."

"अल्लाकसम, साब!"

"ऱ्हाऊ द्या. चहा घ्या. वैशू, भाई उन्हातनं आलेत, आधी पाणी दे त्यांना."

त्यानंतर वैशालीनं भांडून बघितलं, वहिनींनी दोन दिवस जेवण सोडून बघितलं. ते प्रत्येकाला तेच सांगायचे, एक चालू, एक राखीव. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका सकाळी सेंटरला जाताना रिक्षातच ते गेले. आमचं मंडळ पुन्हा जमलं नाही. खालिदभाई भेटले की एवढंच म्हणायचे, "मैं झूठ नहीं बोल्या था, प्रोफेसर साब." मी हो म्हणायचो. पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. भाई मनानं फार चांगले होते. अशा वेळी ते खोटं बोलले असते तर मला त्याचं आश्चर्य वाटलं नसतं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी टीव्हीवर चॅनल बदलता बदलता तो काळा कोट दिसला. घरात मी एकटाच होतो. या वेळी मी मान खाली घातली नाही, शेवटपर्यंत बघितला. मुलगी मनगट पुढं करते. तो बराच वेळ नको म्हणतो, आणि मग घेतो. ऊन गच्चीवर येतं. तो उठून उभा राहतो, आणि ती हसते. चांगली मोठ्यानं हसते.